घटाची पेरणी : अमावस्येपासून दसऱ्यापर्यंत

घट बसवणं म्हणजे पेरणी करणं. शारदीय नवरात्रात आमच्या घरी जे काही होतं ते या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि घट बिघडतो तेव्हाही कारण बहुतेक पेरणीतच सापडतं. आश्विन शुद्ध प्रतिपदेला परडीभर माती देवघरात येते, तिच्यात धान्य पडतं, मधोमध पाण्याचा घट बसतो आणि नऊ दिवस त्या इवल्याशा वावराची राखण होते. पूजेचा विधी कुठल्याही पोथीत मिळतो. मातीत ओल किती हवी, वात किती जाड हवी, माळ कुठवर लोंबावी हे मात्र करता करताच कळतं. ते इथे लिहिलं आहे.

तयारी भाद्रपदाच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि सगळ्यात आधी पाहायचं ते बियाणं. डब्यातले वीस गहू मोजून घ्यायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवायचे आणि फडकं सुकू द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं की सोळा-सतरा दाण्यांना मोड दिसले पाहिजेत. दहा-बाराच फुटले तर तो गहू घटाला घेऊ नये. घरात वर्षभरासाठी साठवलेल्या गव्हाला किडीसाठी एरंडेल चोळलेलं असतं. तो दाणा पाणी उशिरा पितो आणि धान, म्हणजे परडीत उगवणारं कोवळं पीक, दोन दिवस मागे पडतं. दुकानातलं पेरणीचं बियाणं औषध लावून गुलाबी-लाल केलेलं असतं, तेही नको, कारण हे धान दसऱ्याला कानावर आणि टोपीत जायचं असतं, कुणी प्रसाद म्हणून तोंडातही टाकतं. एरंडेल न लावलेला, यंदाच्या उन्हाळ्यातला, न किडलेला गहू सर्वांत चांगला.

धान्य किती प्रकारचं घ्यायचं हे घराघराच्या कुळाचारावर आहे. कुणाकडे नुसता गहू, कुणाकडे पाच धान्यं, कुणाकडे सात, कुठे नऊ. सप्तधान्याच्या याद्याही एकसारख्या नसतात. गहू, जव, साळ, तीळ, मूग ही नावं बहुतेक ठिकाणी येतात. पुढे ज्वारी, मका, हरभरा, उडीद, राळा यांतलं जे त्या भागात पिकतं ते. चुका इथे दोन होतात. पहिली म्हणजे साळीऐवजी घरातले तांदूळ टाकणं. सडलेल्या, म्हणजे टरफल-कोंडा काढलेल्या तांदळाला अंकुरच उरलेला नसतो, तो मातीत फक्त कुजतो. साळ मिळाली नाही तर तांदूळ अक्षता म्हणून वर वाहावेत, पेरू नयेत. डाळींचंही तसंच, मूग-उडीद अख्खे हवेत. दुसरी चूक कडधान्य जास्त टाकण्याची. हरभऱ्याचा दाणा फुगून चांगलाच मोठा होतो, वरची माती उचलतो, आणि ओल जरा जास्त झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यालाच आधी बुरशी धरते आणि आंबूस वास येतो. म्हणून मूठभर गव्हाला बाकीचं प्रत्येक धान्य चिमूट-चिमूट पुरे. हरभऱ्याचे पाच दाणे कडेला लावले तरी परंपरा पाळली जाते आणि घटही शाबूत राहतो.

मातीसाठी ज्यांचं शेत आहे ते वावरातली आणतात, आणि तीच खरी. गावापासून दूर राहणारेही जमेल तेव्हा आपल्याच रानातली पिशवीभर माती मागवून घेतात. फूटभर व्यासाच्या परडीला दोन इंच थर द्यायला साधारण साडेतीन-चार किलो माती लागते. काळी माती एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते, चिकट होते आणि वरून सुकली की भेगाळते. तीन वाटे काळी माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा वाटा बारीक वाळू किंवा नदीकाठचा पोयटा असा मेळ ठेवला तर मुळं मोकळी धावतात. शेणखत पुरतं कुजलेलं हवं. कच्चं असलं तर मातीत ऊब धरते, मोड भाजतात आणि घरात बारीक माश्या होतात. कोकणातली तांबडी माती मोकळी असते, तिला वाळू नको. शहरात कुंडीसाठी मिळणारं नारळाच्या भुश्याचं मिश्रण टाळावं. त्याचा वरचा थर कोरडा दिसतो आणि खाली पाणी साचलेलं असतं, त्यामुळे अंदाज चुकतो. माती अमावस्येच्या आधी दोन दिवस उन्हात पसरून, ढेकळं फोडून चाळून ठेवायची. ऊन दिलं की मुंग्या आणि किड्यांची अंडीही जातात.

घट मातीचाच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. तांब्याचा कलश सुरेख दिसतो, पण मातीचा घट पाझरतो आणि या मांडणीचं सगळं मर्म त्या पाझरण्यात आहे. भाजलेल्या मडक्याच्या अंगातून पाणी थेंबाथेंबाने आजूबाजूच्या मातीत उतरत राहतं, म्हणजे धानाला दिवसरात्र सारखी ओल मिळते. ज्यांनी कुणी पहिल्यांदा हे बसवलं त्यांना मातीचं आणि पाण्याचं नातं नीट ठाऊक होतं. तांब्याचा कलश असेल तर तेवढं पाणी हाताने शिंपडावं लागतं, आणि हाताने शिंपडताना ते नेहमी जास्तच होतं. कुंभाराकडून घेताना दोन घट घ्यावेत. बोटाने वाजवून पाहावा, खणखणीत वाजला पाहिजे. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. घरी आणल्यावर रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचा. कोरडा घट थेट बसवला तर पहिल्या दिवशी आपलं पाणी तो स्वतःच पिऊन टाकतो. सकाळी बाहेर काढून पुसायचा, भरून तासभर कोरड्या फरशीवर ठेवायचा. खाली नुसती दमट खूण उमटली तर घट योग्य. ओघळ आला तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

परडी वेळूची असो वा पत्रावळ, तिच्याखाली काठाचं ताट किंवा परात हवीच. पत्रावळ पाचव्या माळेपर्यंत, म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत, खालून कुजते आणि काळपट पाणी चौरंगाच्या लाकडात मुरतं. तो डाग पुन्हा निघत नाही. टोपलीत केळीचं पान, पानावर माती, टोपलीखाली परात अशी मांडणी नऊ दिवस तग धरते.

घर त्याआधी धुऊन निघतं. अंथरुणं-पांघरुणं, पडदे, फडताळं सगळं. अमावस्येला पितरांचं कार्य उरकलं की देव उजळायला घ्यायचे. तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ, चांदीच्या टाकांना, म्हणजे देवांच्या कोरीव पत्र्यांना, विभूती. टाकांवरची नक्षी फार खसाखसा घासू नये. पिढ्यान्‌पिढ्या घासून भवानीचा चेहरा पुसट झालेले टाक अनेक देव्हाऱ्यांत दिसतात. मऊ फडक्याने, बोटाच्या टोकाने पुसलं की पुरे.

प्रतिपदेला सकाळीच घट बसतो, फार तर मध्यान्हापर्यंत. देवांना शेवटचं स्नान या दिवशी. मग प्रत्येक टाक विड्याच्या पानावर अक्षता ठेवून बसवायचा. यानंतर घट उठेपर्यंत देव जागचे हलत नाहीत. स्नान नाही, अभिषेक नाही. फुलाने पाणी शिंपडायचं, गंध-फूल वाहायचं. ‘देव घटी बसले’ म्हणतात ते यालाच. म्हणून पहिल्या दिवशीची जागा विचार करून ठरवायला हवी. समई कुठे येईल, माळ कुठे लोंबेल, पाणी घालायला हात कुठून जाईल हे आधी रिकाम्या परडीवर पाहून घ्यावं. बसवल्यावर ‘जरा डावीकडे सरकवू’ म्हणायची सोय नसते.

आता पेरणी. मातीवर पाणी शिंपडून ती वाफशावर आणायची. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी खूण अशी की मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि अंगठ्याने दाबला की तो सुटावा. बोटांना चिखल लागला तर पाणी जास्त झालं, मग आणखी थोडी कोरडी माती मिसळायची. दीड इंच थर द्यायचा, मधोमध घटासाठी खळगा करायचा आणि भोवतीने गहू पसरायचा. फूटभराच्या परडीला एक मोठी मूठ, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम पुरतो. दाण्याला दाणा टेकला तरी चालेल. दाण्यावर दाणा चढता कामा नये. दाट पेरलं की दाट उगवतं असं वाटतं खरं, पण एकावर एक पडलेले दाणे वारा न मिळाल्याने कुजतात आणि शेजारच्यालाही घेऊन जातात. वरून उरलेली माती चाळणीतून भुरभुरवायची, दाणा जेमतेम झाकला जाईल इतकी, बोटाचं अर्धं पेर. घट बसवायच्या आधी गहू सात-आठ तास भिजवून ठेवला तर एक दिवस वाचतो. आम्ही आदल्या रात्री भिजवतो.

घटात स्वच्छ पाणी, त्यात गंध, अक्षता, फूल, दूर्वा, एक सुपारी, एक हळकुंड, एक नाणं. गळ्याला सुताचे वेढे. तोंडावर आंब्याचा डहाळा किंवा पाच विड्याची पानं, देठ आत आणि टोक बाहेर, आणि वर शेंडीचा नारळ. कुठे नारळाच्या जागी तांदळाने भरलेलं ताम्हण ठेवून त्यात देवीची मूर्ती बसवतात. नारळ घेताना हलवून पाणी वाजतं का ते पाहावं, आणि डोळ्यांवर बोट फिरवून ते कोरडे आहेत ना हे तपासावं. डोळे ओलसर असले तर नवव्या दिवसापर्यंत नारळ नासणार. समईच्या फार जवळ ठेवलेला नारळ उष्णतेने तडकतो. त्याला अपशकुन समजून घाबरणारी माणसं आहेत. करवंटी एका बाजूने सुकली की तडकतेच. दुसरा नारळ ठेवावा आणि समईचं अंतर वाढवायचं पुढल्या वर्षी लक्षात ठेवावं.

इथून नंदादीप सुरू होतो आणि घरातल्या माणसांची खरी कसोटीही. नऊ दिवस, दिवसरात्र, अखंड. प्रथा अशी सांगतात की देवाच्या उजव्या हाताला तुपाचा दिवा आणि डाव्या हाताला तेलाचा. तेल तिळाचं चांगलं. मध्यम वातीला दिवसरात्रीत शंभर ते दीडशे मिलिलिटर तेल जातं, म्हणून दीड लिटर आधीच गाळून बाजूला काढून ठेवावं. रोजच्या स्वयंपाकाच्या बरणीतून घ्यायचं ठरवलं की एखाद्या रात्री ती रिकामी निघते. वात हाताने वळलेली, कापूस कोरडा, जाडी करंगळीच्या निम्मी. फार घट्ट पिळलेली वात तेल ओढत नाही, ज्योत पिवळट आणि बुटकी राहते. फार सैल वळली तर भडकते आणि काजळी धरते.

काजळी झाडणं हे या नऊ दिवसांतलं सगळ्यात नाजूक काम. सहा-सात तासांनी वातीच्या टोकाला काळं बोंड येतं, छत्रीसारखं पसरतं, ज्योत त्याच्या दोन्ही बाजूंनी फाकते आणि धूर काढायला लागते. तसंच राहू दिलं तर ते बोंड तेलात पडून दिवा शांत होतो. झाडायच्या आधी या ज्योतीवर एक निरांजन लावून शेजारी ठेवायचं. मग उदबत्तीच्या काडीने किंवा चिमट्याने बोंड हलकेच बाहेरच्या बाजूला ओढायचं, वात किंचित पुढे सारायची. या खटाटोपात दिवा गेलाच तर निरांजनातली ज्योत त्याच दिव्याची आहे, तिने पुन्हा लावायचा. वात संपत आली की नवी वात तेलात पूर्ण भिजवून जुनीच्या शेजारी घालायची, जुनीवर पेटू द्यायची आणि मगच जुनी काढायची. रात्री अकराला आणि पहाटे पाचला तेल पाहायचं. अकराला काठोकाठ भरलं की पहाटेची चिंता नसते. वाऱ्याची वाट असेल तर काचेची चिमणी लावावी. सीलिंग पंख्याखाली अखंड दिवा ठेवणं म्हणजे नऊ रात्री झोपेवर पाणी सोडणं.

एवढं करूनही कधी दिवा विझतो. तो लावावा, देवीची क्षमा मागावी, शक्य असेल तर सप्तशती या देवीच्या पोथीतला एखादा अध्याय किंवा जप करावा आणि पुढे चालावं. कुणावर ठपका ठेवू नये. घरातल्या ज्या बाईने रात्री तीनदा उठून तेल पाहिलं तिलाच सकाळी ऐकवून दाखवणारी घरं आहेत, आणि यात देवीची सेवा कुठे आहे हे खरोखर कळत नाही.

दुसऱ्या माळेला परडीत काहीच दिसत नाही. इथेच माणसं अधीर होतात आणि तांब्याभर पाणी ओततात. माती पाहावी: वरचा थर फिकट पडला असेल तर दूर्वांच्या जुडीने किंवा फुलाने शिंपडावं, गडद असेल तर नमस्कार करून उठावं. घटात मात्र रोज सकाळी फुलपात्रभर पाणी घालून तो भरलेला ठेवायचा, कारण जितका भरलेला तितका तो पाझरतो. तिसऱ्या दिवशी पहाटे समईच्या उजेडात वाकून पाहिलं तर मातीच्या वरच्या पापुद्र्याला बारीक तडे गेलेले दिसतात. एकेका तड्यातून पांढरं टोक वर आलेलं असतं, सुईएवढं. कुठे पापुद्र्याचा तुकडाच्या तुकडा चार-पाच कोंबांनी मिळून उचलून धरलेला असतो, त्याच्याखालून पोकळी दिसते. तो बोटाने मोडू नये. शिंपडल्यावर तो आपोआप विरघळतो आणि कोंब मोकळे होतात. चौथ्या माळेला पेरभर, पाचव्याला दोन बोटं, सातव्याला चार-पाच, आणि नवव्या माळेपर्यंत वीतभर.

धान पिवळं येतं की हिरवं यावर दरवर्षी चर्चा होते. देवघरात उजेड कमी असतो. उजेड मिळाला नाही की पातीत हिरवा रंग तयार होत नाही आणि कोंब उजेडाच्या शोधात लांब वाढतात. म्हणून अंधाऱ्या देवघरातलं धान पिवळंधमक, उंच, लवचिक असतं. खिडकीजवळचं हिरवं आणि जरा बुटकं पण ताठ येतं. पिवळं सोन्यासारखं दिसतं म्हणून अनेकांना तेच हवं असतं. दोन्ही निरोगीच असतात. एका बाजूने उजेड असेल तर सगळं धान तिकडे झुकतं, आणि घट फिरवायचा नसल्याने ते तसंच राहतं.

बुरशी हा खरा शत्रू. सूर्य हस्त नक्षत्रात असण्याचा काळ आणि नवरात्र बऱ्याच वर्षी एकमेकांत येतात. हत्तीचा पाऊस कोसळला की हवा दमट होते आणि परडीत दाण्यांवर पांढरा कापूस दिसायला लागतो. सुरुवातीलाच दिसला तर तेवढे दाणे काडीने उचलून काढावेत, एक दिवस शिंपडणं बंद करावं, आणि दुसऱ्या दिवसापासून शिंपडण्याच्या पाण्यात चिमूटभर हळद घालावी. मुळांवरची अगदी बारीक लव मात्र बुरशी समजून घाबरू नये. ती मुळाला चिकटून असते, पाणी शिंपडलं की दिसेनाशी होते. बुरशी दाण्या-दाण्यांत जाळं विणते आणि तिला वास असतो. उंदीर हा दुसरा शत्रू. गहू भिजला की त्याला लगेच वास लागतो. पहिल्या तीन रात्री परडीवर वेताची मोठी टोपली पालथी घालावी.

माळ हा या दिवसांचा हिशोबच आहे. ‘आज कितवी?’ विचारलं तर उत्तर ‘पाचवी माळ’ असं येतं, तिथी कुणी सांगत नाही. देवावर टांगलेल्या चौकटीपासून रोज एक माळ घटावर सोडायची, आधीची काढायची नाही. पहिली अनेक घरी विड्याच्या पानांची. पुढे त्या त्या दिवसांत रानात जे फुलतं ते. झेंडू, शेवंती, कारळ्याची पिवळी फुलं, तरवडाची फुलं, गोकर्ण, जास्वंद. देशावर तरवडाच्या माळेला फार मान आहे. बांधाबांधाला तो या दिवसांत पिवळा झालेला असतो. माळ नारळाच्या शेंडीला जेमतेम टेकावी. त्याहून लांब झाली तर कोवळ्या धानात गुंतते आणि तिथली ओल लागून कुजते. ओवायला केळीच्या सोपटाचा दोर चांगला, निर्माल्यासकट मातीत जातो. झेंडू ओला असताना जड असतो. नऊ माळांचं वजन खिळ्याला पेलेल ना, हे पहिल्याच दिवशी जोर लावून पाहावं.

आणि एक फार महत्त्वाचं. पहिल्या दिवशी ताजी माळ समईपासून हातभर लांब असते. सहाव्या दिवशी ती वाळून हलकी झालेली असते, वाऱ्याने हलते, तिची फुलं गळतात आणि वाळलेला झेंडू ठिणगीवर लगेच पेट घेतो. म्हणून समई कधीही माळांच्या रेषेखाली नको, बाजूला आणि निदान दोन हात अंतरावर हवी. कापडी झालर, कागदी मखर, थर्माकोल हे अखंड दिव्याजवळ ठेवूच नये.

तिथींची वाढ-घट झाली की माळांचा गोंधळ होतो. २०२५ साली २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा आला २ ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्र दहा दिवसांचं झालं. अशा वर्षी रोज एक या न्यायाने बहुतेक घरी दहा माळा होतात. तिथीचा क्षय असेल तर आठही होतात. मधे सोयर-सुतक आलं तर नवरात्र बुडतं असं नाही. अशौच संपल्यावर तृतीयेपासून सात दिवसांचं, पंचमीपासून पाच दिवसांचं किंवा सप्तमीपासून तीन दिवसांचं बसवायची सोय शास्त्राने ठेवली आहे. मात्र धान कमी दिवसांत कमीच वाढणार, त्यासाठी गहू भिजवून, मोड आणूनच पेरावा.

उपवास कुणी नऊ दिवस धरतं, कुणी उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा. काही घरी धान्यफराळ असतो, भाजलेल्या धान्याचं खायचं. घटाच्या सेवेत असणाऱ्याने पोटात काही ठेवून राहावं असं आमचं म्हणणं. नऊ रात्रींची जाग आणि रिकामं पोट एकत्र निभत नाही.

सप्तशतीचा पाठ ज्यांच्याकडे असतो ते तेरा अध्याय सात दिवसांत वाटून घेऊ शकतात: पहिल्या दिवशी एक, मग दोन, एक, चार, दोन, एक, दोन. अकराव्या अध्यायात देवी आपल्या पुढच्या रूपांबद्दल सांगते, त्यात शाकंभरी आहे. पाऊस पडेपर्यंत माझ्याच देहातून उगवलेल्या शाकांनी मी सगळ्या जगाचं भरण-पोषण करीन, असं ती म्हणते. त्या दिवशी पोथीवरून नजर उचलली की समोर परडीत कोवळं धान उभं असतं. घटाचा अर्थ वेगळा सांगायला लागू नये असं वाटतं.

देवीच्या क्षेत्रांतही या दिवसांना स्वतःचा क्रम आहे आणि घरचा क्रम त्याला जोडलेला असतो. तुळजापूरला भवानीमाता घटस्थापनेपूर्वी मंचकी, म्हणजे पलंगावरच्या, निद्रेत असते, घटस्थापनेला ती सिंहासनावर येते, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पुन्हा कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा. तिथून पेटवलेली ज्योत घेऊन तरुण पायी धावत आपापल्या गावी येतात आणि त्या ज्योतीवर गावातले नंदादीप लागतात. कोल्हापूरची अंबाबाई ललिता पंचमीला त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते, तिथे कोहळा फोडतात. अष्टमीला कोकणस्थांकडे तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मीची पूजा आणि रात्री घागर फुंकणं.

फुलोरा, म्हणजे देवीवर टांगायचे तळलेले पदार्थ, सातव्या किंवा आठव्या माळेला चढतो. त्यातल्या कडाकण्या, म्हणजे गुळाच्या कडक पुऱ्या, देवावरच्या चौकटीला टांगायच्या असतात, म्हणून त्या कडक राहणं हीच खरी परीक्षा. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, पाऊण वाटी गूळ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चिमूट मीठ. गूळ अर्ध्या वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, लागेल तसा घालत पुरीपेक्षा घट्ट भिजवायचं आणि तासभर झाकून ठेवायचं. लाटी पातळ, सगळीकडे सारखी. दोऱ्यासाठी भोक तळायच्या आधी पाडायचं आणि बऱ्यापैकी मोठं, कारण तळताना ते आकसतं. काट्याने सगळीकडे टोचायचं, नाहीतर पुरीसारखी फुगते आणि फुगलेली कडाकणी दोन तासांत मऊ पडते. मंद आचेवर उलटसुलट करत बदामी होईपर्यंत. गूळ जास्त झाला तर कडाकणी तेलात विरते, आच मोठी झाली तर बाहेरून काळी आणि आतून कच्ची. पूर्ण गार झाल्याशिवाय ओवू नये. सोबत वेणी, फणी, करंडा असे देवीच्या शृंगाराचे आकार त्याच पिठाचे करतात. लहान मुलांना हे काम जरूर द्यावं, त्यांच्या हातची वेडीवाकडी फणी देवीला चालते.

घट उठवायचा दिवस कुळाचाराचा: कुणाकडे नवमीला, कुणाकडे दशमीला सकाळी. पुरणाचा नैवेद्य, आरती, मग अक्षता वाहून घट जागेवरून किंचित हलवायचा. तेवढ्याने विसर्जन होतं. दिवा फुंकायचा नाही, तेल संपून त्याचा तो शांत होऊ द्यायचा. घटातलं पाणी आंब्याच्या डहाळ्याने घरभर, गोठ्यात, कणगीवर शिंपडायचं. नाणं आणि सुपारी तिजोरीत जातात. नारळ फोडून प्रसाद. नासला असेल तर झाडाच्या बुंध्यात.

धान उपटायचं नाही. उपटलं तर पाती मधेच तुटतात आणि हातात चोथा येतो. परडीच्या कडेने सुरी फिरवून खालून हात घातला तर मुळांची विण इतकी दाट झालेली असते की सगळी माती घोंगडीच्या तुकड्यासारखी एकसंध उचलली जाते, मधोमध घटाचं गोल भोक. खालची बाजू पाहिली की पांढऱ्या मुळांनी परडीच्या वेळूची नक्षी जशीच्या तशी उचललेली दिसते. मग एकेक जुडी अलगद सुटी करायची. पहिली देवाला, दुसरी तुळशीला, मग घरातल्या थोरांपासून पोरांपर्यंत. टोपीत, फेट्यात तुरा, बायकांच्या केसात, कानावर. गाडी, नांगर, वह्या, शिलाईचं मशीन, जे ज्याचं हत्यार त्यावर एकेक जुडी. हाच तुरा लावून सीमोल्लंघनाला जायचं आणि आपट्याची पानं वाटायची.

जुनी माणसं तुरा लावायच्या आधी परडीकडे निरखून पाहत. कोणतं धान्य जोमात आलं, कोणतं मागे पडलं. रब्बीची पेरणी तोंडावर असते, ज्वारी, हरभरा, गहू जायचे असतात, आणि घरच्या बियाण्याची उगवण डोळ्यांदेखत मोजायची ही शेवटची संधी. त्याला कौल म्हणत. ज्यांच्याकडे अजून शेत आहे त्यांनी परडीत आपलं रब्बीचं बियाणं वेगवेगळ्या कोपऱ्यांत पेरून पाहावं. वीसपैकी किती उगवले ते मोजावं, कमी असेल तर पेरणीला बियाणं वाढवून घ्यावं.

माळांचे दोर काढून निर्माल्य खतात घालावं. परडीतली माती ज्या वावरातून आली तिथेच पसरायची. शहरात असाल तर तुळशीच्या कुंडीत. उरलेल्या धानाची एक जुडी मुळांसकट त्याच कुंडीत टोचून ठेवली आणि ऊन मिळालं, तर दोन-तीन दिवसांत पिवळ्या पाती टोकांकडून हिरव्या व्हायला लागतात.